झीरोशी झुंजताना वाइल्डकॅट
रविवारी ऐरोलीतल्या सिम्युलेटरवरच्या सरावात तुम्ही वाइल्डकॅट (दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन नौदलाचे लढाऊ विमान) घेऊन झीरोच्या (त्याच काळातल्या जपानी नौदलाच्या लढाऊ विमानाच्या) पाठोपाठ वळत राहिलात आणि हरल्यावर विमानालाच दोष दिलात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. झीरो वजनाने हलके आहे. कमी वेगात ते वाइल्डकॅटपेक्षा कितीतरी लहान वर्तुळात वळते आणि अधिक वेगाने चढते, त्यामुळे वळणांच्या झुंजीत उतरूच नये. मात्र ताशी साधारण 400 किलोमीटरच्या पुढे झीरोची एलेरॉन (विमान कुशीवर कलवणारे पंखांवरचे हलते भाग) इतकी जड होतात की त्याला कूस बदलणे कठीण जाते, विशेषतः उजवीकडे. शिवाय नाक झटकन खाली ढकलल्यास त्याचे इंजिन अडखळते. 1942 मध्ये अलास्कातल्या अकुतान बेटावर सापडलेल्या झीरोच्या चाचण्यांत अमेरिकनांना हेच आढळले होते.

तेव्हा उंची राखा, वरून सूर मारून एकदाच नेमका मारा करा आणि वेग न मोडता निघून जा. झीरो मागे लागलेच, तर नाक खाली ढकला आणि वेग वाढताच उजवीकडे वळा.

सोबत जोडीदार असेल, तर अमेरिकन नौदलाचे वैमानिक जॉन थॅच यांची ‘गुंफण’ ही डावपेचाची पद्धत अवश्य शिका. मला ती या विमानाची सर्वांत मोठी ताकद वाटते. दोघांनी अंतर ठेवून समांतर उडायचे आणि एकाच्या मागे झीरो लागताच दोघांनीही एकमेकांकडे वळायचे, म्हणजे पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या मशीनगनसमोर येतो. सुरुवातीच्या झीरोच्या इंधनटाक्यांना संरक्षण नसल्याने तेथे छोटा मारादेखील पुरतो.