ओव्हरटाइम खर्चातला, बोनस नफ्यातला

प्रश्न : आमचं ऑफिस बाहेरच्या कंपन्यांचे हिशेब सांभाळतं. शनिवारीही भरतं आणि रोज दोन तास फुकट थांबावं लागतं. कंपनीच्या नफ्यात आमच्या या तासांचा वाटा किती?

पगार ३०,००० धरू. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे ताशी साधारण १४४ रुपये. जादा तास महिन्याला ५२ होतात. साध्या दराने त्यांचे ७,५०० होतात, कायद्याच्या दुप्पट दराने १५,०००. असे शंभर जण असतील तर वर्षाला १ कोटी ८० लाख. हा खर्च नफा-तोटा पत्रकात येतच नाही.

पण हे सगळे पैसे मालकाच्या खिशात जातात असं समजू नका. काम मिळवण्यासाठी कमी भाव लावलेला असतो, माणसंही कमी धरलेली असतात. अशा वेळी तुमचे फुकटचे तास ग्राहकाला दिलेली सवलत ठरतात आणि कंपनी कशीबशी नफ्यात राहते. मला तर हा प्रकार जास्त वाईट वाटतो, कारण यात वाटून घ्यायला नफाही उरत नाही.

प्रश्न : भोसरीत कारखान्यात आहे. मालक म्हणतात, यंदा तोटा, म्हणून ओव्हरटाइमही नाही आणि बोनसही नाही.

तोटा झाला म्हणून विजेचं बिल माफ होतं का? ओव्हरटाइमही तसाच खर्च आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर होता, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही जादा कामाचा दर दुप्पटच आहे. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने जादा तासांना साधा दर देण्याची मुभा कारखान्यांना दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी तो आदेश रद्द केला. महामारीचं कारणही तिथे चाललं नाही.

बोनस नफ्याशी बांधलेला आहे, पण पूर्ण नाही. पगार बोनससाठी ठरलेल्या मर्यादेत बसत असेल तर तोट्याच्या वर्षीही किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, कमाल २० टक्के. नव्या कारखान्याला पहिली काही वर्षं सूट असते, तेवढं तपासा.

प्रश्न : मला ‘असिस्टंट मॅनेजर’ केलंय, म्हणून ओव्हरटाइम बंद.

पदाच्या नावापेक्षा काम काय करता ते पाहिलं जातं. रजा मंजूर करता? माणसं घेता-काढता? करत नसाल, तर ओव्हरटाइम मागता येतो; त्यासाठी हजेरीच्या नोंदी आणि रात्रीचे मेल जपून ठेवा.

प्रश्न : माझी कोल्हापुरात छोटी फाउंड्री आहे. दुप्पट दर दिला तर काय उरणार?

रोजच ओव्हरटाइम लागत असेल तर माणूस कमी आहे. नवा माणूस घेतला तर पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), बोनस धरूनही त्याचा तास दुप्पट दरापेक्षा स्वस्त पडतो. ओव्हरटाइमवर पीएफ लागत नाही म्हणून तो परवडतो असं बरेच मालक धरून चालतात, पण गणित मांडायला कोणी बसत नाही. तातडीची ऑर्डर आली तर कोटेशनमध्येच जादा तासांचा भाव लावा. घाई गिऱ्हाइकाची आहे, पैसे त्यानेच द्यावेत.