पिस्तुलाचा झटका ॲक्सेसरीज लावून खरंच कमी होतो का?

तुमच्याकडे परवान्याचं पॉइंट ३२ पिस्तूल आहे, गोळी सुटली की नळी वर उडते, आणि दुकानदार कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाला लावायचा, वर भोकं असलेला तुकडा), जड गाईड रॉड (स्प्रिंगच्या आतली दांडी) नि रबरी ग्रिप सुचवतोय. मी इंदूरला नेमबाजी शिकवते. हा प्रश्न नव्या मुलांचे पालकही हमखास विचारतात.

थोडा फरक पडतो. पण झटका मुळात ठरतो तो काडतुसावर आणि पिस्तुलाच्या वजनावर. पॉइंट ३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. पिस्तूल ७०० ग्रॅमचं धरा, तर ते सेकंदाला सुमारे १.८ मीटर वेगानं मागे येतं. बाहेर पडणाऱ्या वायूमुळे त्यात अजून थोडी भर. आता ५० ग्रॅम वजन वाढवा, १.८ चं १.७ होईल. बस, एवढंच. शिवाय ते वजन नळीच्या तोंडाकडे असेल तरच नळीचं उडणं कमी होतं, ग्रिपमध्ये वाढवून विशेष उपयोग नाही.

कॉम्पेन्सेटर वायू वरच्या बाजूला सोडतो आणि नळी खाली दाबतो. त्याला भरपूर वायू लागतो. जोरदार भरलेल्या ९ मिमी काडतुसात तो चांगलं काम करतो. पॉइंट ३२ किंवा पॉइंट २२ मध्ये दारूच इतकी कमी असते की जो फरक जाणवतो तो बहुतेक त्याच्या वजनाचा.

रबरी ग्रिप नि स्प्रिंग यांनी एकूण झटका घटत नाही. कॅच घेताना हात मागे नेतो तसं, तोच धक्का जरा जास्त वेळात पसरतो. तळहाताला बरं वाटतं, हे खरं. पण स्प्रिंग मनानं बदलू नका: फार कडक झाली तर स्लाइड (गोळी सुटल्यावर मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं, फार सैल झाली तर स्लाइड फ्रेमवर आपटत राहते.

माझं स्पष्ट मत: आधी ग्रिप हाताच्या मापाची आहे का ते बघा. मूठ नळीच्या जितकी जवळ, जितकी वर, तितकी नळी कमी उडते. ग्रिप मोठी असेल तर अंगठ्याच्या बेचक्यात पोकळी राहते आणि प्रत्येक गोळीला पिस्तूल हातात फिरतं. पैसे घालायचेच तर इथे घाला.

दुसरं म्हणजे दचकणं. रेंजवर कोच समोर असताना त्यांच्याकडून मॅगझिन भरून घ्या, जिवंत काडतुसांत मधेच एखादं डमी, म्हणजे दारू नसलेलं काडतूस. डमी आलं की धमाका होत नाही, आणि नळी झपकन खाली गेलेली सगळ्यांना दिसते. गोळी सुटायच्या आधीच हात झटका थोपवायला निघालेला असतो. नेम तिथेच बिघडतो, आणि त्यावर कुठलीही ॲक्सेसरी नाही. रिकाम्या पिस्तुलावर रोजचा ड्राय सराव हाच उपाय.

लंडन २०१२ मध्ये २५ मीटर रॅपिड फायरमध्ये रौप्य मिळवणारे विजय कुमार आपल्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झाले. त्या प्रकारात शेवटी ४ सेकंदांत ५ टार्गेटवर ५ गोळ्या मारायच्या असतात. झटक्यानंतर नळी दर वेळी त्याच जागी परत येणं, ते वजनापेक्षा मुठीवर आणि मनगटावर ठरतं.

स्पर्धेत उतरणार असाल तर २५ मीटरच्या पिस्तुलाला १४०० ग्रॅमची मर्यादा आहे, तेव्हा वजन वाढवताना काट्यावर ठेवून बघा. आणि कॉम्पेन्सेटर बसवायला नळीला आटे पाडणं वगैरे काम परवानाधारक गनस्मिथकडेच, तेही परवान्याच्या अटी वाचून.