दाजींकडं लायसन नाही आणि गाडी बहिणीच्या नावावर

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. त्यांची धाकटी बहीण कोल्हापूरला असते, पतसंस्थेत नोकरीला, दोन मुलं, मोठा सात वर्षांचा आणि धाकटी चार. दीड वर्षापूर्वी बहिणीच्या पगारावर कर्ज काढून सेकंडहँड वॅगनआर घेतली, गाडी बहिणीच्याच नावावर आहे, पण चालवतात दाजी आणि दाजींकडं लायसन नाही. मागच्या वर्षी एजंटमार्फत अर्ज केला होता, ट्रॅकवर रिव्हर्स घेताना गाडी दांडीला लागली, नापास केलं, त्यानंतर घरात तो विषयच बंद आहे, कोणी काढला तर ताटावरून उठतात. गणपतीला सगळे साखरप्याला दाजींच्या गावी गेले ते ह्याच गाडीतून, भर पावसात आंबा घाट उतरून, आणि धाकटी पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर. बहिणीला बोललं तर ती म्हणते, "अगं ते गावाकडं टेम्पो चालवायचे, तुझ्या मिस्टरांपेक्षा चांगली चालवतात." ताईंचे मिस्टर म्हणतात साडूच्या भानगडीत मी पडणार नाही. आणि शेवटी ताई विचारतात, नाव न सांगता पोलिसांना कळवू का? कळवलं तर बहीण आयुष्यभर बोलायची नाही, आणि नाही कळवलं तर मला रात्री झोप लागत नाही.

ताई, झोप लागत नाही म्हणता ते बरोबरच आहे, लागायला नकोच होती. मला तुमचं पत्र वाचून माझी मामी आठवली.

माझा मामेभाऊ बिनालायसनची मोटारसायकल चालवायचा, गाडी मामीच्या नावावर कारण मामा तेव्हा नव्हते राहिले, आणि हे सगळ्या घराला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी बोलले नाही. मामीनं एकटीनं पोरगं वाढवलंय, तिला वाईट वाटेल, एवढंच डोक्यात. मग एका संध्याकाळी त्यानं ऊसतोडीला आलेल्या एका बाईला उडवलं, ती रस्त्याच्या कडेनं डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन चालली होती. जीव वाचला तिचा पण मांडीचं हाड मोडलं, त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही तिला कोयता धरता आला नाही. केस मोटार अपघात न्यायाधिकरणात गेली आणि मामी कित्येक वर्षं तारखांना जात राहिली. हिरव्या रेक्झिनची एक पिशवी होती तिच्याकडं, त्यात आरसी बुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं, आणि सोबत भाकरीचा डबा. इन्शुरन्स कंपनीनं त्या बाईला पैसे दिले आणि मग वसुलीची नोटीस मामीला आली, मुलाला नाही, मामीला, कारण मालक ती. पाटल्या गेल्या. त्या पाटल्यांचं मला आजही वाईट वाटतं पण त्या बाईचं जास्त वाटतं, कारण आमच्या घरातल्या भीडेपायी तिचे दोन हंगाम गेले आणि ती आमची कोणीच लागत नव्हती.

तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहून पुढं गेलात, ती म्हणजे गाडी बहिणीच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्यात विनालायसन चालवणाऱ्यावर कलम 181 लागतं आणि ज्या मालकानं त्याला चालवू दिलं त्याच्यावर कलम 180, दोन्हीकडं 5000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे दाजी रस्त्यावर सापडले तर बहीण घरी बसून सुद्धा त्यात आली. पोलीस गाडी ताब्यात घेऊ शकतात ते वेगळंच. इन्शुरन्सचं तर अजून अवघड आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे विसरायचे, आणि समोरच्याला लागलं तर सुप्रीम कोर्टाचा 2004 चा एक निकाल आहे, वकील लोक स्वरणसिंग केस म्हणतात, त्यानुसार मालकाला माहीत असून त्यानं बिनालायसन माणसाच्या हातात गाडी दिली हे सिद्ध झालं की कंपनी आधी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. तुमच्या बहिणीला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, ज्या एजंटनं अर्ज भरला त्याला माहीत आहे. तिचा पगार, त्यावरचं कर्ज, सगळं त्या एका सहीत अडकलंय.

"चांगली चालवतात" ह्याबद्दल मी वाद घालणार नाही, असतीलही. लायसन असून धड न चालवणारे ढीगभर आहेत, मलाही दिसतात रोज. पण दाजी रिव्हर्समध्ये अडकले हे त्यांना स्वतःला माहीत आहे, आणि आंबा घाटात धुक्यात समोरून ट्रक आला तर कधी कधी गाडी मागंच घ्यावी लागते. शिवाय चार वर्षांची मुलगी पुढं मांडीवर, हे लायसनवाल्यानं केलं तरी मी एवढीच ओरडले असते, ब्रेक लागला की आईच्या हातांनी पोर धरून राहत नाही हो. हे तर आजच्या आज थांबवा, त्याला ना आरटीओ लागतो ना पोलीस.

आता पोलिसांचं. माझं उत्तर आहे हो, कळवा, पण आज नाही आणि गुपचूप तर नाहीच. एक तर नुसता फोन करून "अमुक माणसाकडं लायसन नाही" सांगितलं तर तो गाडी चालवताना सापडल्याशिवाय फारसं काही होत नाही, गाडी नंबर द्यावा लागतो, कधी कुठून जातो ते सांगावं लागतं, आणि एवढं बारीक सांगणारं घरातलंच कोणीतरी हे तुमच्या बहिणीला पाच मिनिटात कळेल. आणि चोरून केलेलं तिला दंडापेक्षा जास्त लागेल. समोर बसून सांगितलेलं कडू लागलं तरी त्यात पाठीत वार नसतो.

म्हणून आधी कोल्हापूरला जा, फोनवर नको. दाजी कामावर असताना जा, बहिणीबरोबर एकटीच बसा. दाजींविषयी सुरुवात करू नका नाहीतर ती लगेच त्यांची बाजू घेईल, कोणतीही घेईल, मीही घेतली असती. आरसी बुक काढायला सांगा, तिचं नाव बोट ठेवून दाखवा, आणि वर सांगितलेलं 180 चं आणि वसुलीचं शांतपणे सांगा. मग म्हणा, मी तुला अमुक तारखेपर्यंत वेळ देते, तोपर्यंत लर्निंग काढलं नाही आणि दाजी एकटेच गाडी काढत राहिले तर मी ट्रॅफिक शाखेत जाणार आहे, माझ्या नावानं जाणार आहे, आणि ते तुला आत्ताच सांगून जातेय. ती रडेल. कदाचित म्हणेल तू माझ्या संसारात पाय घालतेस. ऐकून घ्या आणि तारीख मागं घेऊ नका.

आणि साडूच्या भानगडीत पडणार नाही म्हणणारे तुमचे मिस्टर, त्यांना माझ्यातर्फे सांगा की ह्या कामाला तेच लागणार आहेत. मला तरी पत्रातून असं दिसतंय की दाजींचा प्रॉब्लेम मस्तीचा कमी आणि लाजेचा जास्त आहे, चारचौघात ट्रॅकवर नापास झालेला माणूस, ताटावरून उठतो तो त्या लाजेनं उठतो. बायकोच्या बहिणीनं शिकवलेलं त्यांना झेपणार नाही. साडूनं म्हणावं, चला रविवारी मी येतो, मैदानात दांड्या रोवून रिव्हर्स करू. मागचं लर्निंग 6 महिन्यांचं होतं, ते केव्हाच संपलं असणार, नवीन काढायला लागेल, पण आता आधार असलं की ती परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते, मराठीत येते, नंतर 30 दिवसांनी पक्क्यासाठी ट्रॅकवर जायचं. मधल्या काळात शेजारी लायसनवाला माणूस बसलेला आणि गाडीला पुढंमागं लाल एल लावलेला असेल तर त्यांना कायदेशीर चालवता येतं. फी काहीशेच्या घरात आहे, एजंट घेतो त्याच्या मानानं काहीच नाही.

एक मनात आलं म्हणून लिहिते, तुमची बहीण स्वतः का शिकत नाही गाडी? कर्ज तिचं, नाव तिचं, आणि किल्ली कायम दुसऱ्याच्या खिशात. ड्रायव्हिंग स्कूलला महिनाभर सकाळी गेली तर येईल तिला. हे तिला भांडणात नको, निवांत असताना सांगा.

फक्त एका बाबतीत तारखेची वाट बघू नका. ह्या सगळ्या बोलण्यानंतरही दाजी पोरांना घेऊन घाटाकडं निघालेत असं कळलं तर त्याच वेळी बहिणीला फोन करा, नाही ऐकलं तर 112 लावा, गाडी नंबर आणि रस्ता सांगा. बहीण वर्षभर बोलणार नाही कदाचित, दिवाळीला येणार नाही, भाऊबीजेला एकाच ताटात जेवायची सवय असेल तर ते फार जड जाईल, मला ठाऊक आहे. मामी माझ्याशी शेवटपर्यंत चांगली बोलायची, एकदाही म्हणाली नाही की तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस. तिनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

यंदाचे गणपती लांब आहेत अजून. साखरप्याला जायचंच आहे तर तोवर दाजींचं पक्कं लायसन हातात असू दे, नसेल तर गाडी तुमचे मिस्टर चालवतील आणि धाकटी मागच्या सीटवर बसेल, आणि त्यांनाही सुट्टी नाही मिळाली तर कोल्हापूर स्टँडवरून रत्नागिरीची एसटी साखरप्यावरूनच जाते, हे बहिणीला आत्ताच सांगून ठेवा.