दोघांची नोकरी आहे, कुत्र्याला वेळ देता येत नाही. कुणाला देऊन टाकावं का?

तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. दोघंही सकाळी नऊला बाहेर, यायला संध्याकाळचे सात, सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट, चार वर्षांचा लॅब्राडोर, शिवाय दोन मांजरी. इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पुढं तुम्ही लिहिलंय, "कुणाचा मळा असेल तर तिथे मोकळा तरी राहील." तो मळा माझ्यासारख्याचाच असतो हो. तासगावजवळ, द्राक्षाचा.

माझ्या मेहुण्याचं वाक्यही अगदी हेच होतं. पुण्यात राहतो. बायकोला दिवस गेलेले, सासूबाईंचं म्हणणं घरात केस नकोत. "दाजी, बाळंतपण उरकेपर्यंत ठेवा फक्त. मळ्यात मोकळा राहील बघा." त्याची मुलगी आता स्कूलबसने शाळेत जाते आणि त्याचा लॅब्राडोर ब्रुनो अजून आमच्याच पडवीत आहे. गाडीतून उतरवला तेव्हा त्याच्यासोबत एक निळा पट्टा होता आणि अर्धी पिशवी पेडिग्री. लशींचं कार्ड मागितलं तर "पाठवतो व्हॉट्सअ‍ॅपवर."

हे "मोकळं" काय असतं ते ऐका. वस्तीवरची गावठी कुत्री नवीन गड्याला सहजासहजी आत घेत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्याचा कान फाडला. गोचीड तर विचारूच नका, पावसाळ्यात कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, आणि त्यातून ताप येतो तो वेगळाच. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणीला सुट्टी नसते. डाऊनी रोगाला एक, भुरी रोगाला एक, फवारणीचा ब्लोअर सारखा फिरतोय, बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाचं निळं पाणी टाकीभोवती साचलेलं, आणि लॅब्राडोरला दिसेल त्या पाण्यात तोंड घालायची हौस. शेवटी त्याला बांधावं लागलं. म्हणजे पुण्यात जो सोफ्यावर मोकळा लोळत होता, तो मळ्यात येऊन साखळीला आला.

बरं, आमच्या वस्तीवर निदान बिबट्या नाही. शिराळ्याकडं, कराडकडं उसात बिबट्या आहे आणि वस्तीवर आला की आधी कुत्रं उचलतो.

मग तो बेदाण्याचा प्रकार. एप्रिलमध्ये वाळवणीच्या रॅकवरचा बेदाणा उतरवायचं चाललं होतं. निवडून काढलेला काळपट माल पोत्यात भरून शेडच्या कोपऱ्यात ठेवलेला. रात्री ब्रुनोने साखळी काढून घेतली आणि पोतं फोडलं. पहाटे आई शेण काढायला उठली तर हा गोठ्यापाशी ओकतोय. ओकारीत बेदाणे, पाण्यात भिजत घातल्यासारखे टपोरे फुगलेले. गावठी कुत्र्यांनी त्याच पोत्याला नाक लावलं नव्हतं, पण लॅब्राडोरला पोट भरल्याचं कळतच नाही.

द्राक्षं आणि बेदाणा कुत्र्याच्या किडनीवर जातात. किती खाल्ली की बाधतात याचा पक्का हिशेब नाही. एखाद्याला ओंजळभर पचतात, दुसरं तेवढ्यातच आडवं होतं. बेदाणा तर वाळलेला, त्यामुळे थोडक्यात जास्त जातो. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी वजन विचारलं, मग खाऊन किती वेळ झाला ते. एक-दोन तासांत नेलं असतं तर ओकारी काढून बराचसा माल बाहेर आला असता. आता सलाइन आणि वाट बघणं. किडनी कशी चाललीय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन रोज बघायचं, लघवी होतेय का लक्ष ठेवायचं. पुढच्या पायाला सुई, वरून चिकटपट्टी. तो ती चाटायला बघायचा आणि आई "बुरन्या, नको रं" म्हणत त्याचं तोंड बाजूला धरून बसायची. जिला घरात कुत्रं आलेलं चालत नव्हतं, ती आई.

मी मेहुण्याला फोन लावला, मागच्या लशी कधीच्या ते डॉक्टरांना हवं होतं. तो म्हणाला, कार्ड कपाटात असेल कुठंतरी. आणि वर, "दाजी, कुत्र्याला द्राक्षं चालत नाहीत हे सगळ्या जगाला माहीत आहे. तुम्ही तर बागायतदार माणूस." सगळ्या जगाला माहीत होतं तर द्राक्षाच्या बागेत आणून सोडलास कशाला, हे मी तेव्हाही विचारलं आणि आजही विचारतो. भाऊबीजेला येतो, ब्रुनोच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो "फार्म लाइफ". जाताना मुलीला सांगतो, बघ, ब्रुनो इथे किती खूष आहे. दवाखान्याचं बिल मी दिलं, त्याबद्दल त्याने आजवर तोंड उघडलेलं नाही. बायको म्हणते सोडा आता तो विषय. मी नाही सोडणार.

असो. तुमचं.

वेळ नाही म्हणून कुत्रं दिलं तर तुम्ही वाईट ठरत नाही. वाईट ते, ज्यांनी द्यायचं आहे असं स्पष्ट न म्हणता "थोडे दिवस ठेवा" म्हणून दिलं. द्यायचं तर माणसाला द्या, जागेला देऊ नका. एकर किती हे विचारू नका. रोज कोण खायला घालणार, रात्री कुठं झोपणार, आजारी पडला तर गाडीत घालून कोण नेणार, हे विचारा. नाव सांगता आलं तर पुढचं बोला, "असतील की घरात सगळी" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. आधी पंधरा दिवस ठेवून बघा म्हणावं, आणि तेवढ्यात जमलं नाही तर कुरकुर न करता परत घ्यायची तयारी ठेवा. लशींचं मूळ कार्ड द्या, फोटो नव्हे. नसबंदी झाली नसेल तर तुमच्या खर्चाने करून मगच द्या. वर्षाची लस आणि गोचिडाच्या औषधाचे पैसे तुम्ही पाठवत राहिलात तर कुणाचा अपमान होत नाही. मेहुण्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पण त्याच्याही आधी एक बघा. चार वर्षांचा लॅब्राडोर दिवसाचा मोठा भाग झोपूनच काढतो. तुम्ही ऑफिसात आहात म्हणून तो सहसा रडत बसत नाही. त्याला सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास खरं चालणं पाहिजे, फोनवर बोलत गेटपर्यंत जाऊन येणं नव्हे. मधे दुपारी कुणीतरी एकदा खाली नेऊन आणायला हवं. विश्रामबागेत कॉलेजची पोरं भरपूर, महिन्याला ठराविक पैसे ठरवले की एखादा आनंदाने येईल. दोघांपैकी एकालाही सकाळचा अर्धा तास काढणं जमणार नसेल, तर मात्र द्या, लवकर द्या. आठवं-नववं वर्ष लागलं, सांधे धरले, की त्याला कुणी घेत नाही.

रस्त्यावर किंवा कृष्णाकाठी नेऊन सोडायचा विचार तुम्ही करणार नाही, पण लोक करतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा ठिकाणी जनावर सोडणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. भडंगाचं पाकीट यापेक्षा महाग पडतं, त्यामुळे कायद्याच्या भीतीने कुणी थांबेल अशी आशा नको.

आणि हो, सगळेच मळे वाईट असं नाही. आमच्या बांधाला लागून एकांकडं कारवानी, म्हणजे देशी शिकारी जातीचा कुत्रा आहे, मळ्यातच जन्मलेला. त्याला फ्लॅटमध्ये नेलं तर तो आठवड्यात वेडा होईल. घरात कुणाला खरीच अ‍ॅलर्जी किंवा दम्याचा त्रास असेल तर वर लिहिलेलं बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील ते ऐका. बाळ येणार म्हणून मात्र देऊ नका. लशी आणि जंताचं औषध वेळेवर असेल, बाळ आणि कुत्रं एकत्र असताना मोठं माणूस जवळ असेल, तर दोघं मजेत वाढतात. सासूबाईंना हे मी सांगितलं होतं, पण जावयाचं ऐकतंय कोण.

मांजरींचं राहिलंच. त्यांना कुठं देऊ नका. दोघी आहेत, एकमेकींना पुरतात, त्यांच्या शी-शूच्या ट्रेमधली माती दिवसातून दोनदा साफ करा आणि खिडक्यांना जाळी लावा. द्यायचीच वेळ आली तर दोघींना एकाच घरी द्या, आणि त्या घरच्यांना सांगा की पहिले दोन-तीन आठवडे एका खोलीतच ठेवा. नाहीतर दार उघडं दिसताच त्या तुमचं जुनं घर शोधत निघतील, आणि मधे विश्रामबागचा सांगली-मिरज रस्ता आहे.