ऑब्सिडियनमधला पसारा आवरताना

प्रश्न : मी संशोधनाच्या टिपणांसाठी ऑब्सिडियन हे टिपणवहीचे अ‍ॅप वापरते. आता व्हॉल्टमध्ये टिपणे कमी आणि स्क्रीनशॉट जास्त अशी अवस्था झाली आहे; शिवाय ‘अनटायटल्ड’, ‘अनटायटल्ड 1’ अशा रिकाम्या फाइलीही जागोजागी पडल्या आहेत. निरुपयोगी फाइली शोधून आपोआप काढून टाकणारी प्लगइन (अ‍ॅपला जोडायचे छोटे प्रोग्राम) मिळतात असे कळले. ती वापरावीत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : शोधण्यासाठी जरूर वापरा, काढून टाकण्याचा निर्णय मात्र स्वतःच्या हातात ठेवा.

ऑब्सिडियनचे व्हॉल्ट म्हणजे तुमच्या संगणकावरील एक साधे फोल्डर आणि प्रत्येक टिपण म्हणजे मार्कडाउन (साध्या खुणांनी सजवलेला मजकूर) स्वरूपातील एक स्वतंत्र फाइल. टिपणात स्क्रीनशॉट चिकटवला की त्याचीही वेगळी फाइल तयार होते. ‘पेस्टेड इमेज’ या शब्दांपुढे 20240312104512 असे चौदा अंक लागून तिचे नाव बनते (वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटे आणि सेकंद), आणि टिपणात उरते ती फक्त या नावाची एक ओळ. पुढे कधी तुम्ही ती ओळ खोडली, तरी चित्राची फाइल जागची हलत नाही. वर्षभर हे असेच चालू राहिले की तुम्ही वर्णन केलेली अवस्था येते.

म्हणून प्लगइनच्या आधी सेटिंगमधील ‘फाइल्स अँड लिंक्स’ हा विभाग उघडा. नव्या जोडफाइली कुठे ठेवायच्या हे तिथे ठरवता येते. मुळात त्या व्हॉल्टच्या सर्वांत वरच्या पातळीवर जाऊन पडतात, त्याऐवजी ‘जोडफाइली’ असे एखादे फोल्डर नेमून द्या. त्याच विभागात पुसलेल्या फाइलींचे काय करायचे याचे तीन पर्याय आहेत : संगणकाच्या कचरापेटीत टाकणे, व्हॉल्टमधीलच ‘ट्रॅश’ फोल्डरमध्ये ठेवणे किंवा कायमचे नष्ट करणे. तिसरा पर्याय निवडलेला असेल तर आवराआवरीला हात घालण्यापूर्वी तो बदला. ‘फाइल रिकव्हरी’ हे ऑब्सिडियनसोबतच येणारे प्लगइन टिपणांच्या जुन्या प्रती मूळ सेटिंगनुसार सात दिवस सांभाळते खरे, पण चित्रे आणि पीडीएफ त्यात साठवली जात नाहीत, आणि तुमचा पसारा तर मुख्यतः चित्रांचाच आहे.

यानंतर ‘फाइंड ऑर्फन्ड फाइल्स अँड ब्रोकन लिंक्स’ हे प्लगइन बसवा. ज्या फाइलींकडे व्हॉल्टमधील एकही लिंक येत नाही, अशा सगळ्या फाइलींची यादी ते एका टिपणात लिहून देते. रिकाम्या फाइली आणि तुटलेल्या लिंक शोधण्याच्या आज्ञाही त्यात स्वतंत्रपणे आहेत. रिकाम्या फाइलींची यादी एकदा नजरेखालून घालून साफ करावी. पहिली यादी मात्र जपून वाचा, कारण रोजनिशीच्या पानाकडे किंवा नुकत्याच लिहिलेल्या टिपणाकडे अजून कुठूनच लिंक आलेली नसते, तरीही ती पाने तुम्हाला हवीच असतात. चित्रांच्या बाबतीतही एक मेख आहे. एखादे चित्र केवळ कॅनव्हासवर (ऑब्सिडियनमधील मोकळ्या फलकावर) किंवा एक्सकॅलिड्रॉ या रेखाटनाच्या प्लगइनमधील आकृतीत वापरलेले असेल, तर तो वापर सफाईच्या प्रत्येक प्लगइनला दिसतोच असे नाही. ‘क्लिअर अनयूज्ड इमेजेस’ यासारखे एका फटक्यात पुसणारे प्लगइन वापरायचेच असेल, तर अशी चित्रे असलेली फोल्डरे त्याच्या सेटिंगमध्ये वगळा आणि संपूर्ण व्हॉल्टची एक प्रत दुसरीकडे उतरवून ठेवा. व्हॉल्ट हे साधे फोल्डरच असल्यामुळे या कामाला कॉपी-पेस्ट पुरते.

प्रश्न : टॅग पाहून टिपणे योग्य त्या फोल्डरमध्ये आपोआप हलवणारे प्लगइन मी बसवले, तरी निम्मी टिपणे बाहेरच राहतात आणि काही भलत्याच फोल्डरमध्ये जातात. असे का होत असावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे प्लगइन ‘ऑटो नोट मूव्हर’ असावे असे धरून लिहितो. त्यात नियमांची यादी वरून खाली तपासली जाते आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडतो त्यानुसार टिपण हलते. एका टिपणाला ‘बैठक’ आणि ‘हिशेब’ असे दोन्ही टॅग असतील तर ज्याचा नियम वर आहे त्याच्या फोल्डरमध्ये ते जाणार. तेव्हा नेमके नियम वर घ्या आणि ढोबळ नियम खाली ठेवा.

बाहेर राहणाऱ्या टिपणांचे कारण बहुधा आपल्या लेखनात सापडेल. ‘मीटिंग’ आणि ‘मिटिंग’ हे ऑब्सिडियनच्या लेखी दोन निराळे टॅग आहेत आणि घाईत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचे भान फार थोड्यांना राहते. टॅगची यादी उघडून असे जुळे टॅग हेरा. ‘टॅग रँगलर’ हे प्लगइन बसवल्यावर यादीतील टॅगवर उजवी क्लिक करून त्याचे नाव बदलता येते आणि तो बदल सर्व टिपणांत एकाच वेळी होतो. नवे नाव आधीपासून अस्तित्वात असेल तर दोन्ही टॅग एकत्र होतात. हे एकत्रीकरण एका आज्ञेने उलटवता येत नाही, त्यामुळे येथेही आधी प्रत काढणे आलेच. टॅग सुधारेपर्यंत प्लगइन स्वयंचलितऐवजी हाताने चालवण्याच्या पद्धतीवर ठेवा. माझे मत विचाराल तर ते पुढेही तसेच राहू द्यावे. लिहिता लिहिता टिपण डोळ्यांसमोरून दुसऱ्या फोल्डरमध्ये जाणे मला तरी गैरसोयीचे वाटते.

प्रश्न : अशी प्लगइन सुरक्षित असतात का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : ही प्लगइन बहुतांशी वापरकर्त्यांनीच लिहिलेली असतात, आणि ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ हे अशी प्लगइन अडवणारे सेटिंग बंद केल्याशिवाय ती चालत नाहीत. ऑब्सिडियनला संगणकावर जितकी मुभा आहे तितकीच प्लगइनलाही मिळते; एखाद्याला फक्त चित्रांपुरतीच परवानगी देण्याची सोय नाही. त्यामुळे बसवण्यापूर्वी ते शेवटचे कधी अद्ययावत झाले आणि त्याच्या गिटहब (प्रोग्रामचा कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) पानावर फाइली हरवल्याच्या तक्रारी आहेत का, एवढे तरी पाहा. सफाईचे प्लगइन वर्षातून एकदोनदाच लागते, म्हणून काम झाल्यावर ते बंद करून ठेवायला हरकत नाही.