अहवालाआधी संमतीपत्र वाच

पर्यावरण विभागात नवीन आला आहेस, म्हणून आधी एवढंच सांगते: कंपनीचा शाश्वतता अहवाल नंतर वाच, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे कारखाना चालवायची अटींसह परवानगी, आधी वाच. सांडपाणी किती, सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) किती, चिमणी किती उंच, सगळं त्यात असतं. तुझं खरं काम तिथून सुरू होतं.

कायदा कडक असला की कंपन्या सुधारतात, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. गुजरातमधला प्रयोग नीट समजून घे. तिथे कारखानेच आपलं प्रदूषण मोजणारा लेखापरीक्षक निवडत आणि तेच त्याचे पैसे देत. धुराड्यातल्या धुलिकणांचे आकडे नेमके मर्यादेच्या जरा खाली येऊन थांबत! २००९ पासून काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठीने नेमून दिले, मानधन सामाईक निधीतून दिलं, काही नमुने पुन्हा तपासले. खोटे अहवाल झपाट्याने कमी झाले आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही घटवलं. तिथेच दुसऱ्या अभ्यासात नुसत्या सरकारी तपासण्या दुप्पट केल्या, तेव्हा सरासरी प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. म्हणजे तपासण्या किती यापेक्षा आकडा खरा आहे का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून नमुना घेताना स्वतः उभा राहा, रात्रपाळीतही. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राच्या) विजेचं मीटर आणि रसायनांची नोंदवही उत्पादनाशी ताडून बघ; संयंत्र बंद असेल तर तिथेच कळतं. सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) बीआरएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या जबाबदारी व शाश्वतता अहवालात, जाणारा प्रत्येक आकडा या नोंदवहीपर्यंत मागे नेता आला पाहिजे. नाही नेता आला, तर सही करू नकोस.