किती वाजता दिलं?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

लेबर रूममध्ये सगळे औषधाचं नाव आणि डोस बोलतात. तू आधी वेळ विचारायची सवय लाव.

कळांचं दुखणं कमी करणाऱ्या पेथिडीनचंच घे. आईला टोचलेलं हे इंजेक्शन वारेतून बाळाकडे जातं आणि साधारण दोन-तीन तासांनी त्याचा जोर बाळावर सर्वांत जास्त असतो. नेमकं तेव्हाच बाळ बाहेर आलं तर अंग ढिलं, रडणं क्षीण, श्वास उथळ. श्वास मंद दिसला तर आधी बॅग-मास्क लावून हाताने श्वास दे. पेथिडीनवरचा उतारा, नॅलॉक्सोन, शोधत पळू नकोस. आईची गुंगी उतरते, बाळ मात्र पुढेही पेंगत राहतं, कारण शरीरात पेथिडीनपासून तयार होणारं नॉरपेथिडीन नवजाताकडून फार सावकाश बाहेर पडतं. मग ते चारदा चोखतं आणि झोपी जातं, आणि ‘हिला दूधच नाही’ म्हणून बोल आईला लागतो.

नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचा 50:50 वेदनाशामक वायू कळ शिगेला पोचल्यावर देऊन उपयोग नाही. असर यायला पाऊण मिनिट जातं, म्हणून कळ उठताच ओढायला सांग. मास्क तिच्याच हातात हवा. गुंगी चढली की हात गळतो, मास्क सुटतो. प्रेमापोटी दुसऱ्या कुणी धरून ठेवला तर हा बचावच संपला.

एपिड्युरलने, म्हणजे कण्याजवळ बारीक नळीतून दिलेल्या भुलीने, सीझर वाढतं हा समज सोडून दे. जोर देण्याचा टप्पा लांबतो, हे खरं. बधिर करणारं ब्युपिव्हाकेन 0.1 टक्का किंवा त्याहून कमी आणि जोडीला वेदनाशामक फेंटानिल असेल तर पायांत बळ बरंचसं टिकतं. डोळ्यांत तेल घालून बघायची ती डोसनंतरची पहिली 20 मिनिटं: रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, वारेचा रक्तपुरवठा घटतो, बाळाचे ठोके मंदावतात. दर 5 मिनिटांनी बीपी घे. घसरलं तर तिला डाव्या कुशीवर कर, सलाइन सोड, भूलतज्ज्ञांना बोलाव. बीपी चढवणारं फेनिलेफ्रिन हाताशी असू दे. आणि मूत्राशय तपास! लघवीची जाणीव गेलेली असते, तुंबलेली लघवीची पिशवी बाळाचं डोकं अडवते, आणि दोष एपिड्युरलला.

ठरवून करायचं सीझर, दुसरं कारण नसेल तर, 39 आठवड्यांआधी नको. कळा न येता जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसातलं पाणी लवकर शोषलं जात नाही. ते कण्हत, भराभर श्वास घेतं.

बाळाची तब्येत पाहून पहिल्या मिनिटाला गुण द्यायची पद्धत काढणारी व्हर्जिनिया अपगार भूलतज्ज्ञच होती, बरं का.

केसपेपरवर नुसतं ‘पेथिडीन दिलं’ नको. ‘पेथिडीन 50 मिग्रॅ, दुपारी 2:10’ असं लिही, आणि बालरोगतज्ज्ञांना हाक मारताना तेच मोठ्याने वाच.